टोला रुळाला, तूट तारेला

तुमच्या शाळेची घंटा कशी आहे? शहरातल्या बऱ्याच शाळांत आता विजेची घंटा असते. शिपाईमामांनी बटन दाबले की ती खणखणते. पण खेड्यापाड्यांत अजूनही कितीतरी ठिकाणी आगगाडीच्या रुळाचा वीतभर-हातभर तुकडा झाडाला किंवा वऱ्हांड्याच्या वाशाला टांगलेला दिसतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात तर असे तुकडे पुष्कळ. पूर्णा-हिंगोली-वाशीम-अकोला ही आमची लोहमार्गाची वाट पूर्वी मीटरगेज होती. मीटरगेजचा रूळ ब्रॉडगेजच्या रुळापेक्षा हलका, म्हणून टांगायला सोयीचा. लोखंडी दांड्याने त्यावर एक टोला दिला की आवाज शिवारापार जातो.

मी आठवीत असताना आमच्या शाळेतील असाच एक रूळ पडला. कडुनिंबाच्या फांदीला जाड तारेचे वेटोळे करून तो अडकवला होता. मधल्या सुटीचा टोला पडला, घंटेखालून दोन मुले पळत गेली आणि पुढच्याच टोल्याला तार तुटून तो अठरा-वीस किलोचा तुकडा धप्पकन खाली आला. मुलांची पावले जिथे उमटली होती तिथेच तो मातीत रुतला. कुणाला लागले नाही. पण मामांना मात्र सगळ्यांनी धारेवर धरले. “एवढ्या जोरात कशाला मारता?” मामांचे आपले एकच म्हणणे, “सर, म्या रोजच्यावाणीच टोला दिला व्हता.”

पुढे मी पदार्थविज्ञान शिकलो, शिकवू लागलो, तरी हा प्रसंग डोक्यातून गेला नाही. विचार करा. टोला बसला रुळाला. तारेला कुणी बोटही लावले नव्हते. रूळ जसाच्या तसा राहिला, साधा पोचाही आला नाही, आणि ज्या तारेला कुणी मारलेच नाही ती तुटली. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण जरा लांबचा रस्ता घेऊ. शाळेच्या घंटेवर पडणारा घाव तसा लहानच. मोठा घाव कुठे पडतो? टांगलेल्या पोलादावर बंदुकीची गोळी आदळते तिथे!

चांदमारीचे मैदान

हिंगोलीला छावणीची जुनी परंपरा आहे. निझामाच्या राज्यात ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचे ठाणे येथे होते. आज येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे. जिथे फौज किंवा पोलीस, तिथे नेमबाजीचा सराव आलाच. या सरावाच्या जागेला आपल्याकडे ‘चांदमारी’ म्हणतात.

नेम धरायच्या खुणेला लक्ष्य म्हणतात. लक्ष्ये अनेक प्रकारची असतात. एनसीसीच्या मुलामुलींना ठाऊक असलेले लक्ष्य कागदाचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेथील लक्ष्य इलेक्ट्रॉनिक होते. गोळी कुठे लागली ते यंत्रच सांगते. तिसरा प्रकार पोलादी लक्ष्याचा. बर्फावरून घसरत जाऊन नेम मारण्याच्या बायथलॉन या खेळात पोलादी चकत्या असतात. सरावासाठी साखळीने टांगलेल्या पोलादी पाट्याही वापरतात. पाटीवर गोळी बसली की ‘ठण्ण’ असा आवाज येतो. लक्ष्य १०० मीटरवर असेल तर हा आवाज सेकंदाच्या तीनदशांश भागात नेमबाजाच्या कानावर येतो. नेम बसला की चुकला हे बघायला तिथवर चालत जावे लागत नाही.

पण या पाट्या वापरणाऱ्यांचा एक अनुभव असतो. चांगल्या पोलादाची पाटी हजारो गोळ्या खाऊन टिकते. निकामी होतात त्या तिच्या कड्या, बोल्ट, साखळ्या आणि आकडे. म्हणजे आमच्या शाळेचीच गोष्ट! घाव एकाला, तूट दुसऱ्याला.

गोळीचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, रायफलीची गोळी १० ग्रॅम वजनाची आहे आणि ती सेकंदाला ८०० मीटर वेगाने येत आहे. पोलिसांकडील ७.६२ मिलिमीटर रायफलीच्या गोळीचे आकडे याच्या जवळपास असतात. पाटी समजा ३६ सेंटिमीटर बाजूची चौरस आणि १ सेंटिमीटर जाडीची आहे. पोलादाची घनता ७.८५ धरली तर तिचे वजन जवळजवळ १० किलो भरेल.

गोळीचा संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ०.०१ × ८०० = ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. गोळी पाटीवर चपटी होते, तिच्या चिंधड्या उडतात आणि त्या पाटीच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशा चहूकडे फेकल्या जातात. पुढच्या दिशेचा संवेग त्या सोबत नेत नाहीत. तो सगळा पाटीला मिळतो. तेव्हा पाटीचा वेग किती? ८ भागिले १०, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर. माणूस रमतगमत चालतो तेवढा!

आता ऊर्जा काढू. गोळीची गतिज ऊर्जा ½ × ०.०१ × ८०० × ८०० = ३२०० जूल. पाटीची गतिज ऊर्जा ½ × १० × ०.८ × ०.८ = ३.२ जूल. म्हणजे हजारातला एकच भाग पाटीच्या झोक्यात गेला. उरलेले ९९९ भाग कुठे गेले? गोळी चिरडण्यात, तुकडे उडवण्यात, उष्णतेत, आवाजात आणि पाटीच्या अंगातून धावणाऱ्या कंपनांत. शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

झोका घेताना पाटी किती वर चढेल? वेगाचा वर्ग भागिले २g, म्हणजे ०.६४ भागिले १९.६. उत्तर येते साधारण ३ सेंटिमीटर. इतकी जबर गोळी, आणि पाटी चढली अवघी दोन बोटे!

हा हिशेब उलटाही करता येतो. पाटी किती चढली ते मोजून गोळीचा वेग काढता येतो. हे प्रथम केले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याने साधारण २५ किलो वजनाचा एक लंबक केला. त्यात लोखंडी पट्टीवर लाकडाचा ठोकळा बसवला होता. लंबकाच्या खालच्या टोकाला त्याने एक फीत बांधली. गोळी लागून लंबक मागे गेला की जेवढी फीत ओढली जाई तेवढा झोका. या साध्या युक्तीने त्याने १७४२ साली छापलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने जाऊ शकते. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ त्या काळी नव्हते, हे ध्यानात घ्या. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला, सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

वीस टन, आठशे किलो आणि सव्वादोन किलो

संवेग कळला. पण कडीला तोडते ते बल. बल म्हणजे संवेग किती काळात बदलला त्याचे माप. संवेग तोच असला तरी वेळ कमी तर बल जास्त; वेळ जास्त तर बल कमी. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात ते याचसाठी. लगोरीचा चेंडू असो की सीझनचा, हात ताठ धरला तर तळवा झिणझिणतो.

गोळी सुमारे ३ सेंटिमीटर लांब असते. ती पाटीवर चिरडायला सेकंदाचा साधारण पंचवीस हजारावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ८ एकक संवेग द्यायचा, तर गोळी आणि पाटी यांच्यामध्ये सरासरी २ लाख न्यूटन बल हवे. म्हणजे २० टन वजनाएवढे! भरलेल्या मालमोटारीचा भार क्षणभर एका नाण्याएवढ्या जागेवर. हा भार सोसायचे काम पाटीच्या कठीण पोलादाचे आहे आणि ते ती करते.

आता पाटी टांगायची कशी, त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. समजा, आपण ती लोखंडी चौकटीला चार बोल्टांनी करकचून आवळली. पाटीला हलायला जागाच नाही. मग तो सगळा संवेग बोल्टांमधून चौकटीत जाणार. यासाठी सेकंदाचा हजारावा भाग लागतो असे समजा. ८ भागिले ०.००१ म्हणजे ८००० न्यूटन, म्हणजे ८०० किलोचा झटका. हा प्रत्येक गोळीला!

याउलट पाटी अर्धा मीटर लांबीच्या साखळीने टांगली तर? अर्ध्या मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल साधारण १.४ सेकंद. मधून एका टोकापर्यंत जायला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ०.३५ सेकंद. तेवढ्या वेळात संवेग सावकाश शून्यावर येतो. ८ भागिले ०.३५ म्हणजे सुमारे २३ न्यूटन. सव्वादोन किलो!

गोळी तीच, पाटी तीच. बोल्टावर ८०० किलो, साखळीवर सव्वादोन किलो. फरक एवढाच, की एकाने घाव अडवला आणि दुसऱ्याने त्याला वाट दिली. टांगलेल्या वस्तूचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे: घाव अडवू नका, त्याला वाट द्या.

आता एक शंका तुमच्या मनात येईल. पाटी वरच्या कडेला बिजागरीने बसवली, तर तीही मागे झुलेल. मग साखळीच कशाला? याचे उत्तर बॅट धरणाऱ्याच्या हाताला ठाऊक असते. बॅटच्या एका ठरावीक जागी चेंडू बसला तर हाताला काहीच जाणवत नाही; खाली किंवा वर बसला तर मुठीला झटका बसतो. या जागेला आघातकेंद्र म्हणतात. वरच्या कडेवर फिरणाऱ्या पाटीचे आघातकेंद्र वरून दोन-तृतीयांश अंतरावर असते. बरोबर तिथेच गोळी लागली तर बिजागरीला झटका नाही. पण प्रत्येक गोळी तिथेच कशी लागणार? म्हणून सांधा ढिला हवा. साखळी कोणत्याही बाजूला वळते, कुणाशीही भांडत नाही.

मग साखळीही का तुटते?

साखळीवर इतका कमी ताण येत असेल तर ती जन्मभर टिकायला हवी. पण तिचे शत्रू चार आहेत.

पहिला शत्रू गोळीच्या चिंधड्या. त्या पाटीच्या पृष्ठभागालगत चहूकडे सुटतात हे आपण पाहिले. वाटेत साखळीची कडी, दोरी किंवा बोल्टाचे डोके आले तर विळ्याने कापावे तसे कापतात.

दुसरा शत्रू कंपने. प्रत्येक घावाबरोबर पाटी घंटेसारखी थरथरते. ही थरथर नट हळूहळू फिरवून सैल करते. तुमच्या सायकलीच्या मडगार्डाचा नट असाच एके दिवशी गायब होतो.

तिसरा शत्रू झीज. झोपाळ्याच्या कड्या पाहा. कडीत कडी जिथे टेकते तिथेच ती पातळ होत जाते. बाकी कडी नव्यासारखी असते. पाऊस पडला की त्याच उघड्या जागी गंज चढतो, पुढच्या झोक्याला तो गंज घासून निघतो आणि आतले ताजे लोखंड पुन्हा गंजायला मोकळे.

चौथा शत्रू सर्वांत लबाड, कारण तो दिसत नाही. त्याचे नाव थकवा.

धातूलाही थकवा येतो

एक बारीक तार घ्या आणि ओढून तोडायचा प्रयत्न करा. तुटत नाही. आता तीच तार एका जागी इकडून तिकडे वाकवा. आठ-दहा वेळा वाकवली की ती खटकन तुटते. शेवटच्या वेळी तुम्ही काही जास्त जोर लावला नव्हता!

धातूवर सोसवेल एवढाच ताण पुन्हा पुन्हा येत राहिला, तर कुठेतरी एक सूक्ष्म भेग पडते. बहुधा ती एखाद्या ओरखड्याशी, आट्याच्या खाचेशी, तीक्ष्ण कोपऱ्याशी किंवा वेल्डिंगच्या कडेला सुरू होते. दर घावाला ती केसाच्या अंशाने वाढते. बाहेरून काही दिसत नाही. उरलेला धातू भार पेलण्याइतका राहिला नाही, की सारे एकदम संपते.

हे शहाणपण माणसाला फार महाग पडले. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आख असाच मोडला आणि त्या अपघातात पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने १८५० ते १८७० या काळात रेल्वेच्या आखांवर हजारो-लाखो वेळा ताण देऊन प्रयोग केले. धातू एका घावाला किती सोसतो एवढेच नव्हे, तर किती वेळा सोसतो तेही पाहिले पाहिजे, हे त्याने दाखवून दिले.

आता आमच्या शाळेच्या तारेकडे वळू. समजा, दिवसाला सगळे मिळून ४० टोले. वर्षात शाळेचे दिवस २२०. म्हणजे वर्षाला ८८०० टोले, दहा वर्षांत ८८ हजार. प्रत्येक टोल्यानंतर रूळ पाच वेळा झुलला असे धरले तर चार लाखांहून अधिक झोके! साखळी असती तर कड्या एकमेकींत फिरल्या असत्या. पण तार फांदीला घट्ट आवळलेली. ती फिरू शकत नव्हती, म्हणून प्रत्येक झोक्याला ती वाकत होती, आणि दर वेळी एकाच जागी, वेटोळ्याच्या तोंडाशी. जे तुम्ही हाताने आठ-दहा वेळा केले, तेच थोड्या थोड्या मापाने चार लाख वेळा घडले.

मामा खरेच बोलत होते. त्यांनी रोजच्यासारखाच टोला दिला होता. तार त्या टोल्याने तुटली नव्हती. ती दहा वर्षे तुटत होती.

लक्ष्य कसे टांगतात?

हे चार शत्रू ओळखले की उपाय आपोआप सुचतात. पोलादी लक्ष्ये टांगणारे अनुभवी लोक काय करतात ते पाहा.

पाटी कठीण पोलादाची घेतात. कठिनता मोजण्याच्या ब्रिनेल पद्धतीत साध्या पोलादाचा आकडा १२० च्या आसपास असतो. या पाटीचा ५०० च्या आसपास. कारण साध्या पोलादावर खळगे पडतात आणि खळग्यातून गोळीचे तुकडे उलटे नेमबाजाकडे येऊ शकतात. या पाटीला कडी वेल्ड करत नाहीत. तापवून आणि झटकन निववून तिला कठिनता आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ती त्या जागी बिघडते आणि भेग तिथूनच सुरू होते. म्हणून वरच्या कोपऱ्यांत भोके पाडून बोल्ट घालतात. बोल्टाचे डोके पुढे, गोल घुमटाकार. नट, वायसर आणि साखळी सगळी मागे, पाटीच्या आडोशाला. नट सैल होऊ नये म्हणून मागे चेकनट.

साखळी मागे लावण्यात आणखी एक खुबी आहे. टांगलेली वस्तू तिचा गुरुत्वमध्य टांगणीच्या बिंदूच्या बरोबर खाली आणते. साखळी पाटीच्या मागे ४ सेंटिमीटर अंतरावर जोडली आणि गुरुत्वमध्य जोडापासून १५ सेंटिमीटर खाली असला, तर पाटीचा खालचा भाग मागे जातो आणि तिचे तोंड साधारण १५ अंशांनी जमिनीकडे झुकते. मग गोळीचे तुकडे मातीत जातात. एका लांब बोल्टाने नेमबाजाचे रक्षणही केले आणि साखळीचेही!

साखळ्या दोन लावतात, म्हणजे कडेला गोळी लागली तरी पाटी गरगर फिरत नाही. मात्र त्या फार फाकवायच्या नाहीत. उभ्या रेषेपासून दोन्ही साखळ्या ६० अंश फाकल्या, तर प्रत्येकीवर अर्ध्याऐवजी पाटीचा सगळा भार येतो. कागदावर बलांचा समांतरभुज चौकोन काढून हे ताडून पाहा. कित्येकदा साखळीऐवजी जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे जाड रबरी तुकडे वापरतात. रबर कंपने गिळते, नटापर्यंत पोहोचू देत नाही.

शेवटची युक्ती मला सर्वांत आवडते. सगळ्यात स्वस्त आणि बदलायला सोपा असा भागच मुद्दाम झिजू देतात. रबरी पट्टा कापला तर दुसरा घालता येतो. पाटीचे भोक फाटले तर पाटीच गेली.

एक सक्त सूचना. हे सारे प्रशिक्षित लोकांनी, ठरवलेल्या मैदानावर, डोळ्यांवर चष्मा लावून करायचे काम आहे. छर्ऱ्याची बंदूकसुद्धा पोलादावर कधीही चालवू नका. छर्रा उलटतो आणि डोळा जातो.

पुन्हा शाळेची घंटा

आपल्याला बंदूक नको, शाळेची घंटा आहे. तिच्यात एक वेगळी अडचण येते. लक्ष्याची कंपने आपल्याला नको होती. घंटेची हवीत, कारण तोच तिचा आवाज. मग कंपने राहावीत पण टांगणीला त्रास होऊ नये, असे कसे साधायचे?

निसर्गाने त्याची सोय करून ठेवली आहे. सळई मोकळी टांगून वाजवली की ती वाकून थरथरते. मधला भाग आणि दोन्ही टोके सर्वांत जास्त हलतात. त्यांना प्रस्पंद म्हणतात. पण दोन जागा अशा असतात की त्या जवळजवळ स्थिर राहतात. ते निस्पंद. सारख्या जाडीच्या बारीक सळईत निस्पंद प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर असतात. रूळ काही बारीक सळई नव्हे, तरी साधारण हेच माप त्यालाही चालते. ६० सेंटिमीटरचा तुकडा असेल तर टोकापासून साडेतेरा सेंटिमीटरवर.

टांगणी निस्पंदाशी केली तर दोन लाभ होतात. कडीला थरथर कमी पोहोचते, म्हणून ती टिकते. आणि कडी थरथर शोषून घेत नाही, म्हणून आवाज लांबतो. आपण मात्र बहुतेक वेळा रुळाच्या अगदी टोकाच्या भोकात तार ओवतो, म्हणजे जिथे थरथर सर्वांत जास्त नेमकी तिथे! टोला द्यायचा तो मात्र निस्पंदाशी देऊ नये. मध्यावर किंवा टोकाला द्यावा.

करून पाहा

साधारण अर्धा मीटर लांबीची लोखंडी सळई किंवा जुन्या नळाचा तुकडा घ्या. दोन सुती दोऱ्यांनी तो आडवा टांगा. प्रथम दोऱ्या अगदी टोकांशी बांधा. लाकडी हातोडीने मध्यावर हलकेच मारा आणि आवाज किती सेकंद ऐकू येतो ते मोजा. मग दोऱ्या टोकांपासून ११ सेंटिमीटरवर सरकवा आणि पुन्हा मोजा. नंतर दोऱ्या मध्याजवळ आणा. तीन आकड्यांचा तक्ता करा. सळई वाजत असताना वेगवेगळ्या जागी बोट हलकेच टेकवा. कुठे टेकवले की आवाज मरतो आणि कुठे टेकवले तरी चालू राहतो? निस्पंद तुमच्या बोटालाच सापडेल.

एक गणितही सोडवा. एनसीसीत वापरतात त्या .२२ रायफलीची गोळी साधारण २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३३० मीटर धरा. आपली १० किलोची पाटी तिने किती वर चढेल? उत्तर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी यायला हवे.

औंढ्याचे आरसे

जाता जाता आमच्या जिल्ह्याची एक बातमी सांगतो. ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. विश्वात दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी त्या प्रथम टिपल्या. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना आरसे अशी त्यांची रचना आहे.

हे आरसे ठेवलेले नाहीत, टांगलेले आहेत! ४० किलोचा आरसा, तोही एकाखाली एक अशा चार लंबकांच्या शेवटी. जमिनीची थरथर वरून खाली येताना प्रत्येक लंबकाशी विरत जाते. शेवटची टांगणी धातूची नसून विशिष्ट काचेच्या चार धाग्यांची असते. प्रत्येक धागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, पण टोकाशी मुद्दाम जाड केलेला, कारण सगळी कसोटी असते ती टोकाशी, सांध्याशी. तिथे नट नाही, बोल्ट नाही. काच काचेला लेसरने वितळवून जोडतात.

गोळी झेलणारी पाटी असो, शाळेचा रूळ असो की विश्वाची कुजबुज ऐकणारा आरसा असो, टांगणाऱ्यापुढे प्रश्न तोच: धक्क्याला वाट कशी द्यायची आणि सांधा कसा जपायचा?

उद्या शाळेत गेलात की घंटेखाली उभे राहू नका; जरा बाजूला उभे राहून वर पाहा. तार असेल तर तिच्या वेटोळ्याचे तोंड पाहा. साखळी असेल तर कडीत कडी जिथे टेकते तिथे ती किती झिजली ते पाहा. शंका आली तर सरांना किंवा बाईंना सांगा. मोठ्या माणसाला शिडीवर चढवून ती बदलून घ्या. नव्या कडीला फारसा खर्च येत नाही. आणि घंटा कधी पडलीच, तर मामांना बोल लावण्याआधी तुटलेले टोक हातात घेऊन भिंगातून नीट पाहा. कुणाची चूक ते बहुधा तेच टोक सांगेल.